जेवणानंतर एक गोळी

बहात्तरच्या दुष्काळात माझी पहिली नेमणूक झाली आणि थकायला मी तेव्हापासूनच सुरुवात केली. येडशीला नॅरोगेजच्या बारक्या गाडीतून उतरायचं, मग एसटीनं धुरळा खात तुळजापूर तालुक्यातलं ते गाव गाठायचं. दोन खोल्यांचं आरोग्य केंद्र, एक नर्सबाई आणि सकाळी दार उघडायच्या आत लिंबाच्या झाडापर्यंत गेलेली रांग. एकेकाला जेमतेम मिनिट मिळायचं. त्यात नाडी बघायची, चिठ्ठी लिहायची आणि म्हणायचं, "सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर एक." रामराम म्हणावं तसं मी ते म्हणायचो. कुणी काही विचारायचं नाही आणि मला ते सोयीचंच होतं.

त्या रांगेत एक तिशीची बाई यायची. नवरा बैलं घेऊन जनावरांच्या छावणीवर, पदरात दोन लेकी, आणि ही दुष्काळी कामावर खडी फोडायला. तिला क्षय झाला होता. सुरुवातीचे दोन महिने तिनं रोज येऊन सुई घेतली, एक दिवस चुकवला नाही. अंग जरा भरलं, खोकला कमी झाला. मग मी महिन्याच्या गोळ्या दिल्या आणि ठरलेलं वाक्य म्हणालो. "व्हय साहेब," म्हणून ती गेली.

दर महिन्याला ती यायची, गोळ्या न्यायची. मी विचारायचो, "बाई, गोळ्या चालू आहेत ना?" ती म्हणायची, "तुमी सांगितल्यापरमानं." मी मान डोलवायचो. चार-पाच महिन्यांनी मात्र ती आली ती भिंतीचा आधार घेत, पदराला रक्ताचे डाग. माझं डोकंच फिरलं. सरकार औषध फुकट देतंय, मी इथं घसा कोरडा करतोय आणि ह्यांना गोळी गिळायचा कंटाळा! सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा मी तिच्यावर ओरडलो. "खोटं बोलू नका. घरात शिल्लक असतील तेवढ्या गोळ्या उद्या घेऊन या."

दुसऱ्या दिवशी ती आली आणि कमरेची कापडी पिशवी सोडून तिनं माझ्या टेबलावर उपडी केली. गोळ्यांचा ढीगच पडला. सगळ्या कोरड्या, स्वच्छ, नीट जपलेल्या.

"म्या एक बी वाया घातली न्हाय, साहेब," ती म्हणाली. "जेवले त्या दिशी घेतली. तुमी म्हनला व्हता, जेवनानंतर."

"आणि बाकीचे दिवस?"

ती नर्सबाईकडं बघू लागली. नर्सबाईच बोलल्या. सोसायटीच्या दुकानात मिळणाऱ्या लाल मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या भाकरी होतात, त्या लेकींना. कामावर मूठभर गूळपिठाची सुकडी मिळते, तीही पदरात बांधून घरी. मंगळवारी देवीचा उपास. हिच्या वाट्याला भाकरी येते ती दोन-तीन दिवसांतून एकदा. "तुम्हाला ठाऊक नव्हतं व्हय, सर?" असं त्या म्हणाल्या नाहीत, पण त्यांच्या तोंडावर तेच होतं.

"उपाशीपोटी औषध घेतलं की आतडी जळत्यात म्हनत्यात," ती बाई म्हणाली. "म्हून ठिवल्या. ज्याच्या घरी रोज चूल पेटतीया त्याला द्या."

मला लाज वाटली. अजूनही वाटते. कारण ती गोळी उपाशीपोटी चालते. नुसत्या पाण्याबरोबर घेतली तरी चालते, उलट बरी लागू पडते. हे मला पुस्तकात वाचून चांगलं माहीत होतं. 'जेवणानंतर' ही माझी नुसती सवय होती.

मी तिला ते सांगितलं, सावकाश, खुर्चीवर बसवून. मध्येच गोळी बंद पडली की आजार मुरतो, हेही सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"मंग तवाच का न्हाय सांगितलं?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

"रांग मोठी होती, बाई."

"थांबले आसते की मी, साहेब."

तिला सोलापूरच्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या औषधांनीही आजार दबला नाही. पाऊस पडायच्या आधीच ती गेली. नवरा छावणीवरून आला आणि लेकींना घेऊन गेला, असं नर्सबाईंनी सांगितलं तेव्हा बाहेर रांग उभी होती आणि मी चिठ्ठी लिहीत होतो.

पुढं जळकोटकडं बदली झाली, मग आणखी कुठं कुठं. चिठ्ठी देण्याआधी मी विचारायला लागलो, घरात काय शिजतं, किती वेळा शिजतं. लोकांना ते आवडायचं नाही. "आमच्या चुलीत कशाला डोकावताव?" असं एक म्हातारबा तोंडावर म्हणाले. दुसरे म्हणाले, "साहेब, सुई टोचा अन् मोकळं करा, लई बोलताव तुमी." खरं सांगायचं तर मलाही बोलायचा कंटाळा येतो. एकच गोष्ट शंभरदा सांगायची आणि समोरच्यानं दाराकडं बघत राहायचं. तरी सांगतो. समोरचा थांबेल की नाही, कुणास ठाऊक. ती मात्र थांबली असती.