आठ दिवसांत सैल

अठ्ठावीस वर्षं लोकांच्या पायांशी बसून काढल्यावर बूटमास्तरांचं दुकान बंद पडलं. दुकान मालकाचं होतं, पण नोकरी गेली ती मास्तरांची. चोपन्नाव्या वर्षी आता करायचं काय? मास्तरांनी पुष्कळ डोकं खाजवलं आणि त्यांना उमगलं, की आपल्याला जगात एकच गोष्ट कळते, ती म्हणजे पाय. तेव्हा तळव्यांवरचे बिंदू दाबून आराम देण्याची विद्या, म्हणजे रिफ्लेक्सॉलॉजी, शिकायची आणि रीतसर प्रमाणपत्र घेऊन खोली थाटायची. घरात हे जाहीर केलं तेव्हा बायको फक्त "बरं" म्हणाली. त्या 'बरं'चा अर्थ मास्तरांना चांगला ठाऊक होता.

वर्गात बाकी सगळ्या पंचविशीतल्या मुली. प्लीहा कुठे असते हे त्या पटकन सांगायच्या. मास्तरांना आपल्याला प्लीहा आहे याचाच आजवर पत्ता नव्हता. समोर तळवा आला की त्यांच्या तोंडून आधी निघायचं, "आठ नंबर, पंजा रुंद." शिकवणाऱ्या बाई कपाळाला हात लावायच्या.

परीक्षेआधी पन्नास बैठकांची नोंदवही भरायची होती, प्रत्येक नोंदीखाली पाय देणाऱ्याची सही. मास्तरांनी सगळं गणगोत पालथं घातलं. मेहुणा पाच मिनिटांत घोरायला लागला, शेजारीण गुदगुल्यांनी खुर्चीसकट मागे सरकली, व्याही तर त्यांना लांबून बघूनच रस्ता बदलू लागले. बायकोने मात्र पाय पोटाशी घेतले. "माझे नाही बघायचे," ती म्हणाली, आणि विषय संपला.

परीक्षेत परीक्षक बाई स्वतःच गिऱ्हाईक होऊन खुर्चीत बसल्या. मास्तरांचा अंगठा सुरेख चालला, एक बिंदू चुकला नाही. शेवटी बाईंनी सहज विचारलं, "माझा गुडघा दुखतो हो. थांबेल का?"

उत्तर पुस्तकाच्या पहिल्याच पानावर होतं: बरं होण्याचं वचन द्यायचं नाही, डॉक्टरांकडे पाठवायचं. मास्तरांना ते तोंडपाठ होतं. पण जीभ अठ्ठावीस वर्षं दुकानात राबलेली! ती गोड हसून म्हणाली, "काही काळजी करू नका. आठ दिवसांत सैल होईल."

वर त्यांनी बाईंच्या पायात बूट चढवला आणि टोक दाबून बोटांना जागा आहे का तेही पाहिलं. नापास.

फेरपरीक्षेसाठी आणखी दहा बैठका हव्या होत्या, आणि पुन्हा नापास झालं तर नाव पटावरून कायमचं जाणार होतं. मेहुण्याने फोन उचलणं बंद केलं. मास्तर कोरी वही मांडीवर घेऊन बसलेले बघून शेवटी बायकोनेच मोजे काढले. "घ्या. पण बोलायचं नाही."

मास्तरांनी तळवा हातात घेतला. "पाच नंबर," सवयीने तोंडून गेलंच, आणि ते थबकले. करंगळी शेजारच्या बोटाखाली दुमडलेली, अंगठा आत वळलेला, वर दोन जुनी कुरुपं. दाराशी तिचे बूट होते, दुकानात उरलेल्या जोडांतून मास्तरांनीच आणलेले. चार नंबर. उरायचा तो नेहमी चारच, त्यामुळे लग्नानंतरचा प्रत्येक जोड चारचा. "चावतो हो," ती दर वेळी म्हणायची. आपण काय उत्तर द्यायचो ते मास्तरांना आठवलं, आणि जन्मात वाटली नव्हती एवढी लाज वाटली.

"पुन्हा सांगितलं का नाहीस गं?"

"सांगितलं की. तुम्ही लगेच दुकानातल्या आवाजात बोलायला लागायचात."

दहाच्या दहा बैठका तिच्याच पायांवर झाल्या. फेरपरीक्षेत तोच गुडघा, तोच प्रश्न. मास्तरांची जीभ जुन्या वाटेने निघालीच होती. त्यांनी ती दातांखाली धरली. "नाही सांगता येत, बाई," ते म्हणाले. "डॉक्टरांना दाखवा." एवढं साधं वाक्य बोलताना त्यांना घाम फुटला. पास झाले.

प्रमाणपत्र मिळालं त्याच संध्याकाळी ते बायकोला घेऊन बुटांच्या दुकानात गेले आणि पाच नंबर मागितला. विक्रेती आतून चारचा जोड घेऊन आली. "पाच संपलाय, काकू. पण हा घ्या ना, आठ दिवसांत सैल होईल."

मास्तरांनी मान खाली घातली.

"नको गं," बायको म्हणाली. "पंचवीस वर्षं वाट बघितली मी. नाही होत."