शमुवेलकाकांची चढी पेटी

"हात लावू नोका पेटीले," शमुवेलकाका म्हणाले आणि माझ्या हातातली कानस काढून स्वतःच्या खिशात टाकली.

अकोल्यात मी पेट्या दुरुस्त करतो. पेटी म्हणजे हार्मोनियम. त्या दिवशी अमरावतीच्या एका चर्चमधून बोलावणं होतं. काकांची नात रूथ नाताळच्या उपासनेसाठी कीबोर्डवर नवं गीत बसवत होती. सोबत गिटार, ड्रम. मध्येच काकांच्या भजनी मंडळीने पेटी-तबल्यावर जुनं भजन उचलायचं आणि शेवट सगळ्यांनी मिळून करायचा. कल्पना झकास होती. पण कीबोर्ड आणि पेटी एकत्र वाजली की बाकांवरची पोरं कानात बोटं घालत.

दोष लगेच कळला. कीबोर्ड कारखान्यातून एका ठरलेल्या सुरात येतो. जुनी पेटी बनवणाऱ्याच्या कानावर लागलेली असते. काकांची पेटी थोडीशी चढी होती. पूर्ण पट्टीचा फरक असता तर शेजारच्या पट्टीवर बोट ठेवून भागलं असतं. थोडासा फरक जास्त छळतो.

पेटीत पितळेच्या पातळ जिभा असतात. त्या मुळाशी घासल्या की सूर उतरतो. मी तेच करणार होतो.

"घासलेलं पितळ परत येते काय?" काकांनी विचारलं.

"नाही येत."

"मंग राहू द्या. मंडळी याच सुरात गायला शिकली. माही बायको याच सुरात गात होती. रूथ, तू वाजव. मी मांग बसतो."

रूथचा चेहरा उतरला. "आबा, तुमीच नसान तं मी हे गाणं काहून बसवलं?"

मला बोलावणारे चर्चचे पाळकसाहेब माझ्याकडे पाहू लागले. मला काकांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. माझं हत्यार त्यांच्या खिशात, आणि वर म्हणणंही त्यांचंच बरोबर.

"कीबोर्डचं सेटिंग उघड," मी रूथला म्हणालो.

"त्याले काय झालं? नवा हाये तो."

"म्हणूनच तो वळेल."

ट्यूनिंगचं सेटिंग सापडलं. काकांनी एक पट्टी दाबून धरली. रूथ बटण दाबत सूर हळूहळू चढवत गेली. दोन सुरांमधली थरथर मंदावली आणि नाहीशी झाली. गिटारवाल्याने खुंट्या पिळल्या. काका पेटी ओढून पुढे सरकले.

नाताळच्या सकाळी मी मागच्या बाकावर होतो. भजन रंगात आलं आणि लाइट गेली. माइक बंद, कीबोर्ड मुका. काका थांबले नाहीत. सगळं चर्च पेटीच्या सुरात टाळ्या देत गाऊ लागलं.

लाइट आली. रूथने हात ठेवला आणि पुन्हा तोच बेसूर. बंद पडल्यावर कीबोर्ड सेटिंग विसरला होता. ती घाबरून बटणं शोधू लागली.

भजनाची एक रीत आहे. कोणी मागे राहिलं की पुढे जायचं नाही, तीच ओळ पुन्हा घ्यायची. काकांनी ओळ पुन्हा घेतली. परत घेतली. मंडळीही न कुरकुरता तीच ओळ गात राहिली. शेवटी कीबोर्डचा सूर अलगद येऊन मिळाला, तेव्हाच काका पुढच्या कडव्यावर गेले.

उपासनेनंतर बाहेर त्यांनी तोवर ठेवून घेतलेली कानस परत केली, वर करंज्यांचं पुडकं.

"माह्या पेटीले लाइट लागत नाही," ते नातीकडे बघत म्हणाले.

"पन माह्या कीबोर्डची वाट पाहाले लागली ना आबा," रूथ म्हणाली.

हल्ली जुनं-नवं एकत्र वाजवायचं काम आलं की मी कानस पिशवीतच ठेवतो. घासलेलं पितळ परत येत नाही. बटण पुन्हा दाबता येतं, फक्त तोवर कोणीतरी तीच ओळ गात राहायला हवं.