नाळेवरचे बूट

माझी आई खारदांड्याची कोळीण. टेकडीवरच्या बंगल्यांत साहेबाच्या काळापासूनचा एक पब होता. तिथं तीस वर्षं तिची मासळी जायची, रोज सकाळी, मागच्या दारानं. पुढचं दार तिनं कधी पाहिलंच नव्हतं. मला बँकेत नोकरी लागली तेव्हा मी विचारलं, तुला काय हवं? म्हणाली, "मना एकदा बघायचाय, आपली सुरमई त्यांचे ताटान कशी दिसते."

वाटेत तिनं मला तीनदा बजावलं, "तिथं तोंड उगडू नको. माजा मोठा गिऱ्हाईक हाय तो." माझा तापट स्वभाव तिला चांगला ठाऊक.

दारावरच्या वॉचमननं तिचं लुगडं पाहिलं आणि हात केला, "मच्छी पीछे से." मी तोंड उघडणार तोच तिनं दंडाला चिमटा काढला. त्याला म्हणाली, "डोक्यावर पाटी दिसते काय?" आणि सरळ आत गेली.

भरदुपारी आत अंधार. आम्ही सुरमई मागवली आणि दोघींत एक बिअर. ताट आलं. लिंबाची फोड, वर कोथिंबिरीचं पान. आई हसली, "नवरी सजवावी तशी सजवलीन." एक घास खाल्ला, दुसरा हातातच राहिला.

काउंटरखाली, उभ्यानं पिणाऱ्यांना पाय टेकवायला, एक जाड वाकडं लाकूड आडवं बसवलं होतं. पॉलिश करून चकचकीत. त्यावर एका माणसाचा बूट.

"ती नाल हाय," आई म्हणाली.

आम्ही दांड्याचे लोक 'ळ'चा 'ल' करतो. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, पहिली लाट झेलणारं. नारळी पुनवेला आम्ही तिला हळदकुंकू लावतो, दारूचे चार थेंब वाहतो. चुकून पाय लागला तर बाबा कान धरून तिची माफी मागायचे. आणि इथं तिचं पायपुसणं केलं होतं! माझं डोकं सणकलं.

आई उठून काउंटरपाशी गेली. "पाय काढ रे. नाल हाय ती."

मॅनेजर धावत आला. "नाल? घोड्याची?" सगळे खो खो हसले. तो माणूसही हसला, बूट मात्र तिथंच. मग मॅनेजरनं आईला ओळखलं. "मावशी, ते डेकोरेशन आहे. जुन्या होडीचं लाकूड. लोक मुद्दाम बघायला येतात."

"पाय काढायला सांग त्याला."

"गिऱ्हाइकाशी असं बोलायचं नाही. उद्यापासून मासळी आणायची आहे ना?"

"नाय आनत," आई म्हणाली. भाव पटला नाही की 'नाय देत' म्हणायची, तितक्याच साधेपणानं.

मग ती खाली बसली आणि पदरानं ते लाकूड पुसू लागली, बुटाच्या अगदी कडेपर्यंत. तेव्हा कुठे त्या शहाण्यानं पाय काढला. तिनं ती जागाही पुसली. माझा बिअरचा ग्लास मागितला, बोट बुडवून नाळेवर चार थेंब शिंपडले आणि कपाळ टेकवलं. आम्ही सुरमई अर्धी टाकून निघालो.

उतारावर ती म्हणाली, "तुला सांगितला होता ना, तोंड उगडू नको?"

"मी कुठे उघडलं?"

"हां. माजाच उगडला." तिला हसू आलं. मी मात्र रागातच होते, आणि त्या माणसाचा तो बूट आठवला की आजही राग येतो.

दुसऱ्या दिवसापासून ती पाटी घेऊन बाजारात बसू लागली. गिऱ्हाईक गेलं म्हणून ती एकदाही हळहळली नाही. मीच त्या मॅनेजरला शिव्या घालत राहिले. एकदा मला मध्येच थांबवून म्हणाली, "त्याला कशाला बोलतेस? तीस वर्सां मी मागचे दाराशी उबी रायले. पुढं ती नाल लोकांचे पायाखाली व्हती, आनि मना ठावच नाय."