शेवटचा डाव न सांगणारे चौगुले सर

चौगुले सरांशी माझी ओळख झाली तीच मुळी हरण्यातून. कोल्हापुरात एम.ए.ला आलो तेव्हा स्वतःच्या अकलेचा मला फार तोरा होता. सरांनी वर्गात दोघादोघांमध्ये पडदा धरला आणि प्रत्येकाच्या हाती दोन चिठ्ठ्या दिल्या, साथ आणि दगा. दोघांची साथ पडली तर तीन-तीन काजू; एकानेच दगा दिला तर त्याला पाच, दुसऱ्याला भोपळा; दोघांनीही दिला तर एकेकच. पहिल्याच डावात मी दगा देऊन पाच काजू उचलले. मग पडद्यापलीकडची आजऱ्याची मुलगीही दगाच देऊ लागली. तास संपला तेव्हा शेजारच्या शांत जोडीपुढे ढीग होता, माझ्यापुढे मूठभर. सर हसून म्हणाले, "पहिला डाव स्वभाव खेळतोय, पुढचे अक्कल. तुझी एका डावातच दमली की रं!"

त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य झालो.

एकूण डाव किती, हे खेळणाऱ्यांना कधीच सांगायचं नाही, हा सरांचा नियम. पीएच.डी.साठी कबनूरच्या यंत्रमाग कामगारांना खेळवताना एसटी चुकेल या घाईत मी बोलून गेलो, "आता शेवटचा डाव." सगळ्यांनी दगा दिला. आणि मी प्रबंधात लिहिलं, हे लोक स्वभावानेच स्वार्थी आहेत.

सरांनी ते पान वाचलं आणि मला पुन्हा कबनूरला नेलं. असं का खेळलात, असं त्यांनी तिथल्या एका मावशींना विचारलं. त्या ताडकन म्हणाल्या, "ह्या पावण्यांनीच सांगितलं की, शेवटचा हाय म्हणून! उद्या बी खेळायचं असतं तर दगा कोण दील?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कित्येक वर्षांची मेहनत पाण्यात गेली होती, आणि सर आता दारात उभं करणार नाहीत याची खात्रीच पटली. परतताना ते एवढंच बोलले, "घाई तुझी, आणि नावं त्यांच्या स्वभावाला ठेवलीस."

पुढच्या रविवारी मी एकटाच कबनूरला निघालो, तर सर काजूची पिशवी घेऊन स्टँडवर माझ्याआधी हजर. नंतरचे कितीतरी रविवार ते स्वतः पडदा धरून बसले. सर फटकळ आहेत, त्यांना घाबरणारे पुष्कळ आहेत. पण ज्याने चूक केली त्यालाच पुन्हा साथ देणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आज सरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. "आता उरलं किती?" असं ते अलीकडे थट्टेनं म्हणतात, ते मला मुळीच आवडत नाही. सर, नियम तुमचाच आहे. तो मोडण्याची चूक मी एकदा केली, तुम्ही करू नका. तब्येत जपा, खूप जगा. रविवारी पिशवी घेऊन मी स्टँडवर तुमच्याआधी येतो.