डोमाजींचा लाल्या

डोमाजी पेटी काढण्याआधी अंगणात दोन पोती अंथरत. एक स्वतःला, दुसरं लाल्या कुत्र्याला. मुर्री गावच्या भजनी मंडळात त्यांच्यासारखा पेटीवाला नव्हता. त्यांनी सूर धरला की लाल्या मान वर करून लांबलचक हेल काढी. मी शेजारी, माझं डोकं फिरायचं. "कुत्र्याला आवरा!" म्हटलं की म्हणत, "आवरू कायले? तुमच्यापेक्षा सुरात आहे जी, शेठ."

ते वारले त्याला वर्ष होईल. माझा त्यांच्यावर राग होता, अजून आहे. हमाली करत मी धानगिरणी उभी केली. धरलेला सौदा सोडला नाही. माझ्या घराला लागून त्यांची खळ्याची जागा होती. या माणसानं तीनदा चहा पाजून माझा भाव ऐकला आणि जागा मेहुण्याला देऊन टाकली. "भाव तुमचाच चांगला, पण तो भांडत नाही," म्हणाले.

जागा गेली त्याच उन्हाळ्यात आई तापानं पडली. ताप उतरला, पण लाल्या रोज संध्याकाळी रडू लागला. कुत्रं रडलं की घरातलं माणूस जातं, हे आईच्या मनात पक्कं. तिनं जेवण सोडलं, सुनेला लुगडी देऊन टाकली. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न गेलं नाही तर औषधाचा उपयोग नाही. चौथ्या दिवशी मी काठी घेऊन डोमाजींच्या अंगणात शिरलो.

ते लाल्याच्या पुढे उभे राहिले. "माराल मंग. पयले सांगा, तुमच्या गिरणीचा नवा भोंगा कितीले वाजते?"

"सहाला."

"अन् हा कितीले बोंबलते?"

मी काठी खाली टेकवली. सहाला मी भोंग्याखालीच उभा असे. तिथे कुत्रा कसा ऐकू येणार? कानानं मंद झालेल्या आईला दारातला कुत्रा ऐकू येई, दूरचा भोंगा नाही.

"आधी का नाही सांगितलं?"

"दोनदा आलो जी. तुमी फाटकातूनच हाकललं."

पेटी आणि लाल्या घेऊन ते आईच्या खाटेशी बसले. सूर धरला, लाल्यानं हेल काढला. सूर थांबला, लाल्या थांबला. पुन्हा तसंच.

"वहिनी, हा रडून नाही राहिला. लांब सूर आला का त्याले वाटते, आपल्यातलाच कोणी दुरून हाक मारून राहिला. मंग हा सांगते, मी इथं आहो. सहाले गिरणीचा भोंगा वाजते, त्याले जवाब देते."

पाचव्या वेळी आई म्हणाली, "पुरे गा, डोमा भाऊ. घसा बसल त्याचा." मग माझ्याकडे वळली. "काऊन रे, भोंगा तुनंच लावला ना?"

मी मान हलवली.

"मंग मले कायले मारून राहिला होता? जा, पेज आण. मीठ टाकजो."

बायकोनं आधीच चूल पेटवली होती. मी मागच्या दारी जाऊन तोंड धुतलं. दोनदा धुतलं.