पेटी वर गेली नाही

लातूरच्या आमच्या शाळेत आपत्ती व्यवस्थापनाचं काम माझ्याकडे आहे. दर जूनमध्ये मी मुलांना रांगेनं मैदानावर आणते, शिट्टी वाजवते, कोण मागे राहिलं ते मोजते आणि जो हसतो त्याला वेगळा उभा करते. माझा आवाज मोठा आहे आणि मला तो आवडतो. पुरात काय करावं, भूकंपात काय करावं, याचा तक्ता मी स्वतःच्या अक्षरात लिहून जिन्याजवळ लावलाय. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते याच बाईच्या हातून झालं.

माझं माहेर नांदेडचं, गोदावरीच्या काठचं. चढावरून खाली येणारी गल्ली जिथे संपते, तिथलं शेवटचं घर आमचं. वडील गेल्यापासून माय तिथे एकटी राहते. लातूरला ये म्हटलं की ती दहा दिवस येते आणि अकराव्या दिवशी पिशवी भरायला लागते.

आमच्या गल्लीची एक रीत होती. मिरग निघाला की खालच्या घरांच्या पत्र्याच्या पेट्या चढावरच्या घरांत जायच्या आणि दसऱ्याला परत यायच्या. प्रत्येक खालच्या घराचं एक वरचं घर ठरलेलं. पेटीत रेशनकार्ड, जातीचा दाखला, घराचे कागद, पेन्शनचं पुस्तक, दोन लुगडी, एक चादर. पूर येवो न येवो, पेटी जायची. आणि वरचं घर उन्हाळ्यात आमचं पाणी न्यायचं. चढावरचे बोअर होळीच्या आतच कोरडे पडत. आमच्या अंगणातला हापसा नदीच्या पाझरावर चैत-वैशाखातही पाणी देत राही.

आम्ही बौद्ध. आमच्या हापशाचं पाणी वरच्या घरानं नेऊन त्यावर स्वयंपाक करायचा, हे माझ्या आजीच्या काळात साधं नव्हतं. त्यासाठी कुणी सभा घेतली नव्हती. एका कडक उन्हाळ्यात वरच्या घरच्या म्हातारीनं घागर पाठवली, आणि त्याच पावसाळ्यात माझ्या आजीनं पेटी पाठवली. पुढे दोघींच्या सुनांनी ते चालू ठेवलं. आमच्याकडची सून म्हणजे माझी माय आणि वरच्या घरची सून म्हणजे काकू. लहानपणी पेटीचं एक कडं मायच्या हातात आणि एक माझ्या हातात असायचं. चढ संपेपर्यंत माझी बोटं लाल व्हायची. काकू पलंगाखाली जागा करून ठेवायच्या. बाकीचे आठ महिने तिथे त्यांचे कांदे पसरलेले असत.

पेटी गेली नाही, तर त्याचाही एक अर्थ होता. ते घर पावसाळाभर गावाला गेलं, असा. माझ्या बाळंतपणाच्या वर्षी माय चार महिने लातूरला होती, तेव्हा कागद सोबत घेऊन आली आणि पेटी वर गेली नाही. काकूंनी कुणाला विचारलंसुद्धा नाही. खालचं घर रिकामं आहे हे त्यांना तेवढ्यावरून कळलं.

मग चढावर नळ आले. काकूंच्या मुलानं खोल बोअरही घेतला. घागरी यायच्या बंद झाल्या. पहिली दोन वर्षं माय पेटी घेऊन गेली, पण तिचा पाय जड व्हायला लागला होता. ती मला म्हणाली, "त्येंना आता आपलं पानी लागंना. मग आपली पेटी त्येंच्या गळ्यात कशाला घालायची?"

मला खरं तर इथेच थांबून ऐकायला हवं होतं. पण मी नुकतंच तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते. मी म्हटलं, "माय, पेटीची गरजच नाही आता." बसल्या बैठकीला मी तिच्या सगळ्या कागदांचे फोटो काढले, मोबाईलमध्ये घातले, एक प्रत माझ्या घरी ठेवली. तिला धोक्याच्या वेळी लावायचे नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दिले, टॉर्च दिली, शिट्टीसुद्धा दिली. शाळेतलीच शिट्टी. माय सगळं नीट ऐकून घेत होती. तिला हवं ते कारण मिळालं होतं आणि मला वाटत होतं, माझं म्हणणं पटलंय.

त्या वर्षी आषाढात तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लातूरला केलं. पाऊणेक महिना ती माझ्याकडे होती. मग आणखी दहा दिवस राहण्यावरून भांडून झालं, आणि श्रावणातल्या एका पावसाळी दुपारी ती यष्टीनं परत गेली. वर काकूंना भेटायला गेली नाही. काकूंचे गुडघे धरलेले, त्याही खाली उतरत नाहीत. माय आली आहे हे त्यांना कळायला काही कारणच नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळीच वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. मी मायला फोन केला. "घराबाहेर पड. वर काकूंकडं जा."

"हाव, निघून राहिले," ती म्हणाली.

मी दोनदा विचारलं. दोन्हीदा ती निघून राहिली होती. तिसऱ्यांदा फोन लागला नाही, आणि मी स्वतःची समजूत घातली की ती वर पोचली असणार. तरी राहवेना म्हणून रजा टाकून यष्टीत बसले. अहमदपूर गेलं. लोह्याच्या अलीकडे ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं, गाडी थांबली. तिथून मी काकूंना फोन लावला. बारा वाजून गेले होते.

"काकू, माय बरी आहे ना? फोन द्या तिला."

काकू म्हणाल्या, "माय तुझ्याकडं हाय ना?"

"माझ्याकडं कशी असेल? चार दिवस झाले तिला येऊन."

"पेटी आली न्हाई पोरी," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, औंदा तिकडंच ठेवून घेतलीस तू."

त्यांचा आवाज बदलला ते मला अजून ऐकू येतं. सकाळी बचाववाली पोरं दोर घेऊन गल्लीत उतरली होती. खालच्या घरांत कोण कोण आहे, असं त्यांनी चढावर विचारलं होतं. शेवटच्या घराबद्दल काकूंनीच सांगितलं होतं, तिथं कुणी न्हाई, ती लेकीकडं गेली. पोरं शेवटच्या घराच्या अलीकडूनच मागे फिरली होती.

त्या यष्टीत मी किती वेळ बसले होते ते मला सांगता येत नाही. शेजारची बाई मला पाणी देत होती आणि मी तिच्यावर खेकसले, एवढं आठवतं.

पुढचं मला काकूंच्या मुलाकडून कळलं. फोन ठेवल्यावर काकू धरलेल्या गुडघ्यांनी चढ उतरून पाण्यापर्यंत गेल्या. मुलगा होडी शोधायला धावला. नाव येईपर्यंत त्या मांडीभर पाण्यात उभं राहून मायला हाका मारत होत्या. मायनं त्या ऐकल्या. तिनं माझी शिट्टी वाजवली.

ती स्वयंपाकघरातल्या माळ्यावर होती, सकाळपासून. पाणी माळ्याच्या हातभर खाली थांबलं होतं. चढताना एकदा ती पाण्यात पडली होती. दुपारी दोनच्या सुमारास तिला नावेतून बाहेर काढलं. मी पोचले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. काकूंच्या पलंगावर, काकूंच्या लुगड्यात माय बसलेली होती, शेजारी काकू.

रागावणं मला येतं, तेच केलं. "निघून राहिले म्हणालीस ना? मग का नाही निघालीस?"

माय खाली बघून म्हणाली, "कोणत्या तोंडानं जाऊ? पेटी असती तर आपल्या पेटीकडं गेले असते."

काकू उठून आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

कागदांचं म्हणाल तर माझी योजना उत्तम निघाली. घरातली पेटी वाहून गेली नव्हती, पण आतल्या कागदांचा लगदा झाला होता. मोबाईलमधल्या फोटोंवरून महिन्या-दीड महिन्यात सगळे दाखले परत मिळाले. कचेरीतल्या साहेबांनी माझं कौतुकही केलं. मायचा ऑपरेशन झालेला डोळा मात्र त्या पाण्यानं पिकला. लातूरच्या डॉक्टरांनी खूप केलं, पण तो गेला. माय उजवीकडे मान वळवून बघायला शिकली, आणि मी तिच्या उजव्या बाजूला बसायचं टाळायला शिकले.

यंदा मिरग निघाला त्या आठवड्यात मी नांदेडला गेले. पेटी आतून गंजली होती, तरी घासून पुसून घेतली. मायनं आत एक लुगडं आणि एक चादर घातली. कागद सगळे लातूरला होते. एक कडं तिनं धरलं, एक मी. मी तिच्या डोळस बाजूनं चालत होते. माझी बोटं काही लाल झाली नाहीत, पेटीत वजनच नव्हतं.

काकू दारातच होत्या. मी शाळेत करते तसं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, की ही रिकामीच आहे, तुम्हाला अडचण होत असेल तर. काकूंनी ते ऐकलं नसल्यासारखं केलं. त्यांनी मला आत नेलं आणि पलंगाची चादर वर केली. खाली कांदे नव्हते. फरशी पुसलेली होती.

"आजच काढले का कांदे?" मी विचारलं.

"मिरगाच्या आदल्या दिवशी काढते," काकू म्हणाल्या. "गेल्या साली बी काढले होते. दसऱ्यापर्यंत जागा तशीच ठेवली."

मी खाली बसले आणि पेटी पलंगाखाली सरकवली. माय दाराशी उभी होती. काकूंनी तिला विचारलं, चहा घेणार का, आणि माय आत आली.