बुडवलेले दोन

जामसंड्याच्या आमच्या हायस्कुलात सायन्सची अकरावी-बारावी सुरू झाली, त्याच वर्षी मी तिथे तात्पुरती टायपिस्ट म्हणून लागले. तात्पुरती म्हणजे मे महिन्यापर्यंत. पुढचं संस्थेचे अध्यक्ष ठरवणार होते आणि घरी वडील मुंबईचं एक स्थळ धरून बसले होते. नोकरी कायम झाली तर ते थांबायला तयार होते, नाही तर जूनमध्ये माझी रवानगी नक्की. मला नोकरी हवी होती. देवगडच्या क्लासात एवढी बोटं बडवली, ती काय मुंबईला जाऊन पोळ्या लाटायला?

हेडक्लार्क भाऊसाहेबांना मात्र टायपिस्ट ही उगाचची चैन वाटायची. हाताने लिहून शाळा इतकी वर्षं चालली, हे ते रोज कुणाला ना कुणाला ऐकवत. माणूस मूळचा समुद्रकाठच्या देवबागचा, आवाज वाऱ्यावर बोलायची सवय असलेला. त्यामुळे माझ्याबद्दलचं त्यांचं मत पटांगणातल्या पोरांनाही पाठ होतं.

पहिल्या चाचणीला मी केमिस्ट्रीचा पेपर टाइप केला आणि दुसऱ्या दिवशी केमिस्ट्रीचे सर कागद फडकवत ऑफिसात आले. सर घाटावरचे, नवे, तापट. "एच टू ओमधला दोन खाली हवा, अक्षराच्या पायाशी. हे रसायन आहे की बसचा नंबर? पूर्वपरीक्षेचा पेपर मी हातानेच लिहितो."

भाऊसाहेब माझ्याकडे बघत सुपारी चघळत राहिले. त्याचा मला जास्त राग आला.

आता माझ्या मशीनवर दोन एकाच मापाचा. लहान कुठून आणू? पण खाली नेता आला असता. कागद गुंडाळलेला रूळ अर्धाच फिरवायचा, दोन मारायचा, रूळ परत जागेवर. क्लासात हे कुणी शिकवलं नव्हतं, तिथे सगळा वेगाचा कारभार. मधल्या सुट्टीत मी करून बघितलं. पण मशीन जुनं, खाऱ्या हवेने खाल्लेलं. रूळ अर्ध्यावर ठरेचना, खटकन पुढच्या ओळीवर जायचा. एका हाताने रुळाच्या टोकाची मूठ दाबून धरावी तर ती घामाने निसटायची. दोन कधी अधांतरी, कधी थेट खालच्या ओळीत.

"काय करतंस गो? दोनाक पाण्यात बुडवतंस?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"बुडतच नाही ना तो! नुसतं बोलू नका, धरा जरा इथे."

हेडक्लार्कशी असं कुणी बोलत नसे. मी बोलून बसले आणि मग घाबरले. पण ते उठले, स्टूल ओढून बसले आणि रुळाची मूठ धरली. लहानपणी किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्याचे दोर ओढलेला हात तो. रूळ जिथे थांबवला तिथे थांबला. मी दोन मारला, "वर" म्हटलं, त्यांनी रूळ वर घेतला. एचच्या पायाशी दोन छान बसला होता. भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवून वाकून पाहिलं.

"बसलो मां बरोबर?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा बघून मला हसू आवरेना.

मग पूर्वपरीक्षेचा पेपर आम्ही दोघांनी टाइप करायला घेतला. बुडवलेला दोन पाहून सरांनी "बघू" म्हणून कच्चा मजकूर दिला. सायक्लोस्टाइलच्या मेणकागदावर टाइप करायचं म्हणजे नाजूक काम, जोरात मारलं तर 'ओ'चं पोटच गळून पडतं. मी "खाली" म्हणायची, ते बुडवायचे. "वर" म्हटलं की काढायचे. पहिल्या पानानंतर मला सांगावंही लागेना. "सल्फेट इला गो, चार बुडवूचो आसा," असं तेच मला बजावू लागले.

असेच रंगात आलो असताना दारात अध्यक्ष उभे. देवगडातले आंब्याचे मोठे बागायतदार, कमी बोलणारे. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "एका मशीनला दोन माणसं? मग टायपिस्ट ठेवून शाळेला फायदा काय?"

आता भाऊसाहेब म्हणणार, मी तरी हेच सांगत होतो.

भाऊसाहेबांनी मूठ सोडली नाही. मानही वळवली नाही. ऑफिसातल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "साहेब, पेटी भरताना एक जण आंबे रचतो, दुसरा पेंढा देतो. तिथे आपण कधी विचारलंत, दोघं कशाला?" आणि मग मला, "मार गो लवकर, हात दुखता माझो."

अध्यक्ष हसले. त्यांना मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं. पेपर छापून मुलांच्या हातात पडला आणि सर ऑफिसात येऊन, कुणाकडेही न बघता, "वाचता येतंय," एवढं म्हणून गेले. मे महिन्यात माझी ऑर्डर निघाली. वडिलांनी मुंबईला नकार कळवला आणि मी ऑफिसात पेढे वाटले. भाऊसाहेबांनी दोन घेतले.

त्याच सुट्टीत मशीन दुरुस्त करणारा कोल्हापूरहून आला. रुळाच्या डाव्या बाजूला गंजून चिकटलेली एक बारीक कळ त्याने मला दाखवली. "ही पुढे ओढली की रूळ मोकळा होतो. हवा तिथे थांबवायचा. सोडली की परत त्याच ओळीवर. एकट्याचं काम आहे, बाई. तेल देऊन सुटी करू का?"

भाऊसाहेब शेजारच्या टेबलावर होते. ते एकच पान कधीचे वाचत होते.

"नको," मी म्हटलं. "तिचं मला काही काम पडत नाही."

सहामाहीला मेणकागद मशीनवर चढवला. मी हाक मारायच्या आत मागे स्टूल ओढल्याचा आवाज झाला.

"खाली काय गो?"

"खाली," मी म्हटलं.